चार नंबरच्या टाकीतली दोन घराणी

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक अक्काच्या हातात, दुसरं नवऱ्याच्या. ती उजवीकडे पीळ देत होती, तो डावीकडे, आणि पाण्याची धार बादली सोडून त्याच्या पायावर पडत होती. तेवढ्यात आत फोन वाजला. अक्काने आपलं टोक त्याच्या खांद्यावर टाकलं, अंगावरच्या कपड्यालाच हात पुसले आणि आत गेली. रविवारी सकाळी फोन म्हणजे चुकीचा नंबर किंवा कुणाचं तरी दुखणं, असा तिचा अनुभव होता.

फोनवर चष्मेवाली होती. अक्का जिथे टाक्या सांभाळायची त्या पाण्याच्या संशोधनशाळेत ही मुलगी साडेतीन वर्षांहून जास्त काळ एका डोंगरझऱ्यातल्या कोळंब्यांवर अभ्यास करत होती. नाकावरून घसरणारा चष्मा दर दोन मिनिटांनी वर सारायची, म्हणून सगळेच तिला चष्मेवाली म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. आज ती रडत होती. हुंदक्यांमधून अक्काला जे कळलं ते एवढंच, की डीएनएच्या तपासणीचा कागद आला आहे आणि चार नंबरच्या टाकीत भेसळ निघाली आहे. संशोधनशाळेच्या प्रमुख मोठ्या बाई म्हणतात, कुणाच्या तरी हातून टाक्या एकमेकींत मिसळल्या. सुट्ट्यांच्या दिवसांत टाक्या चष्मेवालीच बघायची, तेव्हा ते हात तिचेच असणार. तसं असेल तर सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

अक्काने तिला शांत हो म्हटलं, पाणी पी म्हटलं, उद्या बघू म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसली.  चार नंबरच्या टाकीत चुकीची जाळी कुणी घातली होती ते तिला माहीत होतं.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, की चादरीचं दुसरं टोक येणार आहे की त्याने तिच्याशी एकट्यानेच झुंजायचं.

अक्काचं काम असं: तळमजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात बावीस काचेच्या टाक्या, भिंतीला एकच खिडकी आणि दिवसभर हवेच्या पंपांची घरघर. एकोणीस वर्षं ती त्या घरघरीत राहिली होती. घरी शांतता असली की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सकाळी पंप बघायचे, पाण्याचं तापमान रजिस्टरात लिहायचं, मेलेलं काही असेल तर काढायचं, काचेवरचं शेवाळ खरवडायचं आणि उकडलेल्या पाल्याचा एकेक तुकडा प्रत्येक टाकीत सोडायचा. कोळंब्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या आणि इतक्या नितळ, की खाल्लेला पाला पोटातून पुढे सरकताना दिसायचा. देवाने यांचं काही झाकून ठेवलेलंच नाही, असं अक्का म्हणायची. माणसांचं असं असतं तर किती भांडणं वाचली असती.

ती देवभोळी म्हणावी अशी नव्हती, पण श्रद्धेची होती. पंपाचं बटण दाबण्याआधी क्षणभर डोळे मिटायची. बावीस टाक्यांतले जीव आपल्या भरवशावर आहेत, आपण कुणाच्या तरी भरवशावर आहोत, एवढीच तिची प्रार्थना. आणि नियमाला ती लोखंडासारखी होती. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, दांड्यावर रंगाने नंबर, आणि ती जाळी त्याच टाकीच्या वर, त्याच खिळ्याला. नऊची जाळी नवालाच. एकदा मोठ्या बाईंनीच घाईत नऊची जाळी अकरात घातली, तेव्हा अक्काने त्यांच्या हातातून ती काढून घेऊन त्यांच्यासमोर उकळत्या पाण्यात टाकली होती.  त्यांना असं वागवायची हिंमत दुसऱ्या कुणाची नव्हती. त्या दिवसापासून बाई टाक्यांच्या खोलीत आल्या की हात मागे बांधून उभ्या राहत.

आणि त्याच अक्काने पाचची जाळी चारात घातली होती.

तीन वर्षं होऊन गेली होती. दुपारी लाइट गेली, आणि लाइट गेल्यावर सुरू व्हायचं ते यंत्रही सुरू झालं नाही. पंप थांबले. खोली एकदम गप्प झाली आणि अक्का टाक्यांकडे धावली. चार नंबरला गर्दी सगळ्यात जास्त, तिथल्या कोळंब्या थोड्या वेळाने पाण्याच्या वरच्या थराला येऊन आडव्या तरंगू लागल्या. त्यांना पसरट ट्रेमध्ये, उथळ पाण्यात हलवायला हवं होतं. चारची जाळी नेमकी धुवायला गरम पाण्यात पडलेली. अक्काने शेजारच्या खिळ्यावरची पाचची ओढली आणि कामाला लागली. विचार करायला वेळ होता कुठे. लाइट आली, सगळ्या परत टाकीत गेल्या, एकही दगावली नाही. तिने देवाचे आभार मानले. मग जाळी धुवायला घेतली तर शिवणीच्या घडीत एक कोळंबी अडकलेली, जिवंत, पोटाखाली अंडी. अक्काने ती चारात सोडली. सोडल्यावर तिच्या मनात आलं, ही चारचीच होती कशावरून? सकाळी याच जाळीने पाचातला कचरा काढला होता.

चार नंबरमध्ये धबधब्याच्या वरच्या पाण्यातल्या, पाचात धबधब्याच्या खालच्या. दिसायला एका माळेचे मणी. टाकीत सुटल्यावर कोणती कोणती, कोण ओळखणार. रजिस्टरात तिने लिहिलं: लाइट गेली होती. सगळे सुखरूप. जाळीचं तिने रात्रीच्या प्रार्थनेत देवाला सांगितलं होतं. रजिस्टरला सांगितलं नव्हतं.

एक लेकुरवाळी पुरते, हे अक्कापेक्षा जास्त कुणाला माहीत. महिन्याभरात पिल्लं, काही महिन्यांत त्या पिल्लांना पिल्लं. तीन वर्षांत त्या एकीने घर भरलं असेल. आणि त्याचा दोष त्या पोरीच्या माथी.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याची मान एका बाजूला कलली ती कललीच. ओली चादर खांद्यावर घेऊन त्याने सगळं ऐकलं. अक्का म्हणाली, एकोणीस वर्षांत मिळवलेलं नाव एका वाक्यात जाईल. ज्याला त्याला जाळीवरून झापलं, आता सगळे मिळून मला झापतील. आणि नाही सांगितलं तर झाकली मूठ राहते, पण पोरगी बुडते. सांगू का नको?

"विचारतेयस म्हणजे ठरवलंयस," तो म्हणाला. "नसतं ठरवलं तर चादर पिळून झाल्यावर विचारलं असतंस."

सोमवारी अक्का नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेली, टाक्यांचं सगळं केलं आणि जिना चढून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई कधी ओरडत नसत, गप्प बसत. त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं, असं सगळे म्हणत. टेबलाच्या या बाजूला चष्मेवाली बसली होती, डोळे सुजलेले, समोर तो कागद. वीस कोळंब्या तपासल्या होत्या. चौदा एका प्रकारच्या, सहा वेगळ्या, आणि त्या सहा हुबेहूब पाच नंबरशी जुळत होत्या. बाई तिला समजावून सांगत होत्या, की अशा वेळी दोनच गोष्टी संभवतात. एक तर निसर्गाने काहीतरी नवल केलं, नाही तर माणसाच्या हातून चूक झाली. आणि नवलापेक्षा चूक जास्त वेळा होते.

अक्का दारातच बोलली, आत जाईपर्यंत धीर टिकेल याची खात्री नव्हती.

"बाई, पाचची जाळी चारात मी घातली होती. तिने नाही."

मग तिने सगळं सांगितलं. लाइट, ट्रे, शिवणीतली अंडीवाली. सांगताना तिची नजर बाईंच्या टेबलावरच्या काचेच्या वजनावर खिळली होती. बाई गप्प बसल्या. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की हे कधीचं. अक्का म्हणाली, रजिस्टरात लाइट गेल्याची नोंद आहे, जाळीची नाही. बाईंनी जुनं रजिस्टर आणायला सांगितलं.

जिना उतरताना अक्काला वाटलं, आपलाच फास आपण आणतोय. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिलाच तिचं आश्चर्य वाटलं: काल सकाळपासून छातीवर असलेला धोंडा खाली उतरला होता. आता होईल ते होईल. घरी बसवलं तर नवऱ्याच्या दुकानात काट्यांच्या डब्या पुसत बसू.

बाईंनी ती तारीख शोधली. सगळे सुखरूप, हे त्यांनी वाचलं आणि भुवई वर गेली. मग त्या मागची पानं उलटू लागल्या. तापमानाचा रकाना, पाला दिल्याचा रकाना, मेलेल्यांचा रकाना. आणि पानाच्या कडेला, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, अक्काचं बारीक अक्षर. चार नंबर: दोघींची अंडी जाड, एकीची बारीक. पुढे दहा दिवसांनी: जाड अंड्यांची मोजून वीस-बावीस, बारीकची मोजताच येत नाहीत. अजून मागे, तसंच.

बाईंनी विचारलं, हे काय आहे. अक्का ओशाळली. रजिस्टर खराब केल्याबद्दल बोलणी बसणार असं वाटून ती म्हणाली, जागा मोकळी होती म्हणून लिहीत गेले. रोज बघते तर दिसतं. काहींच्या पोटाखाली मोजकी, चांगली टपोरी अंडी, काहींच्या बारीक पण मूठभर. आपल्याला वाटलं, बारीकवाल्या पहिलटकरणी असतील. पुढच्या खेपेला टपोरी देतील.

"यातली पहिली नोंद कधीची आहे, बघितलंस?" बाई म्हणाल्या. हे चष्मेवालीला होतं.

चष्मेवालीने वाकून बघितलं. तिने बोटाने ओळ धरली, मग लाइट गेली होती ते पान काढलं, मग परत मागे आली. ती नोंद लाइट जाण्याच्या सात महिने आधीची होती. कडेला अशा अकरा नोंदी होत्या, सगळ्या त्या जाळीच्या आधीच्या. पाच नंबरमध्ये सगळ्यांचीच अंडी बारीक असतात. म्हणजे ती बारीक अंडीवाली चार नंबरमध्ये आधीपासूनच होती. अक्काच्या जाळीने तिला आणलेलं नव्हतं.

 मग बाईंनी हळू आवाजात विचारलं, की इतक्या वर्षांत या कडेच्या नोंदी कुणी वाचल्याच नाहीत का. अक्का म्हणाली, वाचणार कोण, तापमानाचा रकाना तेवढा उतरवून नेतात. तो रकाना दर महिन्याला उतरवून नेणारी चष्मेवालीच होती. तिचे कान लाल झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण अक्काला तिची दया आली, म्हणून ती म्हणाली, की अक्षर तरी कुठे वाचण्यासारखं आहे.

बाई मात्र अंड्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, कडेच्या नोंदी म्हणजे आशा, पुरावा नव्हे. जी कोळंबी या इमारतीच्या टाकीत कधी शिरलीच नाही, ती तपासायला हवी. झऱ्यावरून पहिल्यांदा कोळंब्या आणल्या तेव्हा काही तिथेच, काठावरच, स्पिरिटच्या बाटलीत घातल्या होत्या ना? चष्मेवालीने तोंड पाडलं. इतक्या वर्षांत स्पिरिट उडून गेलं असेल, कोळंब्या वाळून काडी झाल्या असतील.

अक्का म्हणाली, वाळल्या नाहीत. खालच्या कपाटात, मागच्या रांगेत आहेत. दर सहा महिन्यांनी भर घालते. झाकणं घट्ट आहेत, गरज नाही, असं मला सांगितलं होतं, पण झाकणाचं मी ऐकते, सांगणाऱ्याचं नाही. एकेका झाकणाला आतून ओल येते, मग समजून घ्यायचं, की स्पिरिट उडतंय.

बाटल्या काढल्या. धबधब्याच्या वर, असं लिहिलेली चिठ्ठी आत बुडालेली, पेन्सिलने लिहिलेली म्हणून शाबूत. वीस कोळंब्या, पांढऱ्या पडलेल्या पण धड. त्या तपासणीला गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे अक्काने चार नंबरकडे जितकं बघितलं तितकं स्वतःच्या सासूकडेही कधी बघितलं नव्हतं, असं नवरा म्हणायचा. कामावरून काही तिला काढलं नाही. बाईंनी तो विषयच काढला नाही. पण ज्यांना ती जाळीवरून झापायची ते आता येता-जाता आपली जाळी तिला लांबूनच दाखवायचे, बघा अक्का, आमची नंबरातच आहे. करावं तसं भरावं, असं तिने मनाशी म्हटलं आणि ऐकून घेतलं. रोज बटण दाबण्याआधी ती डोळे मिटायची, तेव्हा मागणं एकच असायचं: माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीचं काम वाया जाऊ देऊ नकोस.

निकाल मंगळवारी आला. अक्का कोपरापर्यंत हात घालून बारा नंबरची काच खरवडत होती. आधी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. चष्मेवाली दारात आली आणि काही न बोलता अक्काच्या ओल्या हाताला धरून उभी राहिली. तिच्या मागे, सावकाश, मोठ्या बाई. सवयीने हात मागे बांधलेले.

बाईंनीच सांगितलं. बाटलीतल्या वीसपैकी तेरा एका कुळातल्या, सात दुसऱ्या, पाच नंबरशी जुळणाऱ्या. टाकी नाही, जाळी नाही, लाइट नाही. डोंगरातल्या त्या झऱ्यातच पहिल्यापासून दोन आहेत. आणि त्या दोघींची फारकत काही कालपरवाची नाही. डीएनएच्या अक्षरांत इतका फरक आहे, की त्या एकमेकींपासून लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. बाहेरून काही बदललं नाही. आत सगळं बदलत गेलं. ज्यांना आपण एक जात म्हणत आलो त्या दोन जाती आहेत.

मग चष्मेवालीला कंठ फुटला. आधी त्यांनी फक्त आईकडून येणारा धागा तपासला होता, आता आई आणि बाप दोन्हींकडून येणारा तपासला. चार नंबरमधल्या आणखी चाळीस तपासल्या. इतकी वर्षं एका टाकीत, एका पाल्यावर, आणि चाळीसांत एकही मिश्र नाही. अर्धी इकडची, अर्धी तिकडची अशी एकही नाही.

"म्हणजे एका घरात राहून सोयरीक नाही," अक्का म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "शेजार आहे, सोयरीक नाही."

एकच कोडं राहिलं होतं. खालची जात धबधब्याच्या वर पोचली कशी? चष्मेवाली म्हणाली, त्यावर अजून विचार करायचा आहे. अक्काने तिच्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं. चढल्या, ती म्हणाली. पाच नंबरचं झाकण जरा उघडं राहिलं की ओल्या काचेवरून त्या वर येतात, सकाळी मला फरशीवर सापडतात. चारातल्या जाड अंडीवाल्या कधी येत नाहीत. धबधब्याचा खडक ओलाच असतो ना. चष्मेवालीने वही काढली, पेन शोधलं, आणि या वेळी अक्का जे बोलली ते कडेला नाही, पानाच्या मधोमध लिहून घेतलं.

अक्काने हात पुसले. एक प्रश्न तिच्या मनातून गेला नव्हता, तो तिने विचारलाच. ती शिवणीतली अंडीवाली कुठली होती, चारची की पाचची? बाई म्हणाल्या, ते आता कुणालाच कळायचं नाही आणि कळण्याची गरजही नाही. चारातली असेल तर घरी गेली. पाचातली असेल तर तिला तिथे तिचीच भावंडं भेटली. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, की पुढच्या वेळी असं काही झालं तर त्याच दिवशी लिहायचं.

अक्का म्हणाली, त्याच दिवशी देवाला सांगितलं होतं.

"देव रजिस्टर तपासत नाही, अक्का. मी तपासते." एवढं बोलून बाईंना कडेच्या नोंदी आठवल्या असाव्यात, कारण त्यांनी घसा साफ केला. "तपासायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आणि चष्मेवालीकडे वळून, अक्काच्या देखत, आपण तिच्यावर उगाच ठपका ठेवला असं म्हणाल्या. चष्मेवालीने चष्मा वर सारला. त्या दोघी वर गेल्यावर अक्का पंपांच्या घरघरीत एकटी उभी राहिली आणि तिचा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला. तिने आज दुसऱ्यांदा डोळे मिटले. मागायचं काही नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिली. मग बारा नंबरची उरलेली अर्धी काच खरवडली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कपडे वाळत घालायची दोरी ताणत होता. त्याने डोकं हलवलं. त्याच्या धंद्यात हे रोजचं होतं. तबकडी तीच, काटे तेच, पट्टा तोच, आणि मागचं झाकण उघडावं तर आतलं यंत्र भलतंच. गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण गिऱ्हाइकाने झाकण कधी उघडलेलंच नसतं. अक्का म्हणाली, मी तर म्हणत होते की यांचं काही झाकलेलंच नाही. तो म्हणाला, वीस वर्षांचं लग्न असलं तरी माणसाने असं छातीठोकपणे बोलू नये. अक्काने त्याला आठवण करून दिली, की लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत.

मग दोघांनी चादर धरली. ती उजवीकडे, तो डावीकडे. या वेळी शेवटच्या थेंबापर्यंत पिळली, झटकली आणि दोरीवर टाकली. टोकं जुळवता जुळवता अक्का बोलत होती, की बाईंनी आता चार नंबर वेगळा करायला सांगितला आहे. अंडी बघून, जाडवाल्या एकीकडे, बारीकवाल्या दुसरीकडे. बघायचं काम चष्मेवालीचं नाही, अक्काचं. नवी टाकी तेवीस नंबरची, खिडकीच्या बाजूला. तेविसाला जाळीही नवी लागणार, दांड्यावर नंबर घालायला रंग घरात आहे. पण त्या भिंतीला खिळा नाही.

चिमटे लावून झाल्यावर तिने पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दुकान बंद व्हायच्या आत दीड इंची दोन खिळे आणायला निघाली.